नवरीची हरकत

"मॅडम, नवरीला अजून दोन शेड वर घ्या. फ्लॅशमध्ये काळी पडतीय."

शेवगावच्या मंगल कार्यालयात, नवरीच्या खोलीच्या दारात उभं राहून एक फोटोग्राफर असं म्हणाला आणि मरियमच्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला. सकाळपासून ती राबत होती. खुर्चीत मुंडावळ्या बांधून बसलेल्या धनश्रीचा चेहरा असा काही जमून आला होता, की मरियमला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटत होतं. आणि हा कोण टिकोजीराव? उंच, घामाघूम, गळ्यात दोन कॅमेरे आणि केसांना कंगवा ठाऊक नाही.

"काय म्हणालात?"

"थोडी उजळ करा म्हणलं. कोरियन लूक सांगितलाय ना त्यांनी?"

सांगितला होता, खरंच. त्या साली नगर जिल्ह्यातल्या निम्म्या पोरी एका कोरियन मालिकेनं येड्या केल्या होत्या. नूडल्सच्या टपरीवालीची पोरगी. मोठ्या कंपनीत चिकटते, आपण बड्या घरच्या आहोत अशी थाप मारते, आणि साहेबाच्याच प्रेमात पडते. मग भागामागून भाग जातात... बाई काही खरं बोलत नाही. तिची ती काचेसारखी तकाकणारी कातडी मात्र प्रत्येक नवरीला हवी.

"कोरियन लूक म्हणजे कातडी तकाकली पाहिजे," मरियम म्हणाली. "कातडी बदलायची असं कुठं लिहिलंय? नवरी काळी पडत न्हाई. तुमचा फ्लॅश पडतोय तोंडावर. तो आधी आवरा."

"मग फोटो अंधारात काढू?"

"तिकडं खिडकी हाय. देवानं उजेड फुकट दिलाय, तो वापरा."

आरशात धनश्री फिसकन हसली. फोटोग्राफरनं चिडायला हवं होतं, निदान मरियमची तशी तयारी होती. पण तो मुकाट्यानं आत आला, खुर्ची खिडकीशी ओढली, पडदा अर्धा सारला आणि फ्लॅश काढून पिशवीत टाकला. थोड्या वेळानं त्यानं कॅमेऱ्याचा पडदा मरियमपुढे धरला. धनश्रीच्या गालावर खिडकीचा ऊनउजेड असा उतरला होता की मरियम बघतच राहिली. अर्थात बोलली काहीच नाही. अशा माणसाला लगेच चांगलं म्हणायचं नसतं, डोक्यावर बसतो.

"नाव काय तुमचं?" त्यानं विचारलं.

"पार्लरच्या बोर्डावर हाय. तिसगावला, पेठेत."

"म्हणजे नाव वाचायला तिसगावला यावं लागंल."

"रस्ता हाय की. डांबरी हाय."

आणि तो आला. पुढच्याच आठवड्यात, भर उन्हात, पार्लरच्या दारात मोटारसायकल लावून. त्याचं नाव नोहा. नोहा पाटोळे, राहणार कोल्हार. "भांडायला आलोय," म्हणाला. "तुमच्यामुळं त्या धनश्रीची सगळी लायटिंग मला खिडकीवर करायला लागली. आता प्रत्येक नवरी खिडकी मागतीय." मरियमनं त्याला बायकांच्या पार्लरात पाऊल टाकू दिलं नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून भांडला, आणि शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून पंकजा काउंटरवर कोपरं टेकून, फुकटचा सिनेमा लागल्यासारखी सगळं ऐकत होती.

तो गेल्यावर पंकजा म्हणाली, "नोहा म्हणजे तुमच्यातलाच की गं."

"मग?"

"मग काय न्हाय. सोपं हाय, येवढंच म्हणलं."

सोपं होतं खरं. दोघांची घरं ख्रिस्ती, दोघांच्या वडिलांनी एकमेकांना चर्चच्या मंडळीच्या मेळाव्यात पाहिलेलं. अडचण म्हणून एकही नव्हती आणि मरियमला नेमका त्याचाच संशय यायचा. इतकं सुरळीत आपल्या वाट्याला येतं कधी?

आता सांगूनच टाकते, मरियम दिसायला काळी होती. सावळी म्हणायची आपल्याकडे एक पद्धत आहे. तोंडावर मेहेरबानी केल्यासारखं म्हणतात आणि पाठीमागं खरा शब्द वापरतात. मरियमला ती मेहेरबानी नको असायची. "काळी म्हणा," ती म्हणायची, "मला काय कमीपणा न्हाई." म्हणायची, पण ते म्हणताना तिच्या नाकपुड्या फुगायच्या. अंगात राग मुरलेला होता, लोणच्यासारखा, लहानपणापासून.

तो कुठून आला, हे तिनं नोहाला कोल्हारच्या पुलावर सांगितलं. खाली प्रवरेचं पाणी संथ होतं, हातात भेळेचा कागद, मिरचीनं जीभ हुळहुळलेली. एव्हाना दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती. नोहानं ती कोरियन मालिका रात्रीचा दिवस करून बघितली होती, का तर हिच्याशी बोलायला विषय पाहिजे.

"नूडल्सवालीनं सांगितलं का साहेबाला?" मरियमनं विचारलं.

"अजून न्हाई. कालच्या भागात सांगणार हुती, तेवढ्यात पाऊस आला."

"त्या देशात खरं बोलायची येळ झाली की पाऊस येतो. मी असते ना, तर पहिल्याच दिवशी ऑफिसात टेबलावर चढून सांगितलं असतं. ही मी, ही माझी आई, ही आमची टपरी. जमतंय का बघ, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

"तू चढली असतीस," नोहा म्हणाला. "टेबल मोडलं असतं, पण चढली असतीस."

तिनं त्याच्या दंडावर चापट मारली. मग खाली पाण्याकडे बघत म्हणाली, "आमच्या चर्चमधी नाताळचं नाटक असायचं. माझं नाव मरियम. पण येशूची आई मरियम व्हायची दरवर्षी दुसरीच कुणीतरी. गोरी. मला मेंढपाळ करायचे. डोक्याला टॉवेल बांधून कोपऱ्यात उभी. एकदा मी विचारलं तर नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, अगं, लांबून दिसलं पाहिजे ना तोंड."

नोहानं भेळेचा कागद चुरगळला. त्याला राग आला होता. तो राग तिच्यासाठी होता आणि मरियमला तो भेळेपेक्षा गोड लागला.

"मी असतो तर तुलाच मरियम केलं असतं," तो म्हणाला.

"तू कोण करणारा?"

"कुणीच न्हाई अजून..." त्यानं नदीकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. "पण मला व्हायचंय. म्हणजे... तुझा कुणीतरी. भांडायला हक्काचं माणूस पाहिजे मला. आमच्या घरात सगळी लई गरीब स्वभावाची हायेत."

मरियम म्हणाली, "भेळ संपली. अजून आण." पण तिचे कान तापले होते, आणि तो भेळ आणायला वळला तेव्हा ती एकटीच हसली.

पुढचं सगळं रीतसर झालं. नोहाचे आईवडील तिसगावला आले. त्याची आई मरियमचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली आणि जाताना म्हणाली, "पोरीचा हात गरम हाय, जीव लावणारी दिसतीय." साखरपुडा झाला. ईस्टर झाल्यावर चर्चमध्ये नावं पुकारायला सुरुवात झाली. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब उपासनेत नवरानवरीची नावं वाचतात आणि भरल्या मंडळीला विचारतात, या लग्नाला कुणाची हरकत आहे का? कुणाची नसतेच. लोक माना डोलावतात, म्हाताऱ्या 'आमेन' म्हणतात, झालं.

पहिला रविवार असाच छान गेला. आणि मधल्या आठवड्यात नोहानं लग्नाचं व्हिडिओ-कार्ड पाठवलं.

मरियम एका गिऱ्हाईकाच्या केसांना मेंदी लावत होती. मोबाईल वाजला, तिनं करंगळीनं उघडला. फुलं उमलली, सनई वाजली, सोनेरी अक्षरं आली, आणि मग साखरपुड्याचा फोटो. एका बाजूला नोहा. जसा आहे तसा, रापलेला, दात पुढं. दुसऱ्या बाजूला... तिची साडी नेसलेली, तिची अंगठी घातलेली एक बाई. गव्हाळ, गुळगुळीत. नाकसुद्धा जरा शेलाटं.

तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तीच बाई.

मग नातेवाइकांच्या ग्रुपवर पूर आला. मरियम किती उजळली गं. लग्नाचं तेज. नोहाची नाशिकची आत्या, जिनं हिला अजून बघितलंही नव्हतं, तिनं लिहिलं, 'नवरी गोरीपान, नोहानं नशीब काढलं.' मरियमची आई सुनीतीबाई कार्ड लावून लावून बघत होती. "लई गोड आलीयस बाई," ती म्हणाली. म्हणजे जन्मदात्या आईलासुद्धा पोरगी ओळखू येईना? की येत होती आणि तरीही?

मरियमनं नोहाला फोन लावला. लग्नसराई होती, मागं ढोल बडवत होते.

"आवडलं का कार्ड?" तो ओरडून म्हणाला.

"फोटो कुणाचा हाय त्यो?"

"माझ्या नवरीचा," नोहा खुशीत हसला. "थांब, वरात निघाली, नंतर करतो..." आणि फोन बंद.

तिला हसला. तिनं विचारलं आणि तो हसला.

शनिवारी संध्याकाळी पार्लर बंद करण्याआधी मरियम आरशासमोर बसली. लग्नाच्या दिवशी काय लावायचं ते ठरवायचं होतं. तिचा हात खणात गेला आणि तिनं फाउंडेशनची एक बाटली काढली, गळ्यावर दोन थेंब लावले, बोटानं पसरवले. मान वळवून बघितलं. बरोबर. कार्डातल्या बाईशी अगदी मिळतंजुळतं. नाशिकची आत्या आता दारात आली तरी हिरमुसणार नाही.

आणि मग तिला कळलं, आपण काय करतोय ते.

आयुष्यात एकाही नवरीच्या तोंडाला तिनं तिच्या रंगापेक्षा उजळ बाटली लावली नव्हती. आया भांडल्या, सासवा उठून गेल्या, गिऱ्हाईकं पाथर्डीला पळाली, तरी लावली नव्हती. आणि आज, कुणी न सांगता, स्वतःच्याच गळ्याला? संताप संताप झाला तिचा. आधी नोहाचा, मग आत्याचा, आणि मग सगळ्यात जास्त स्वतःचा. ओल्या टॉवेलनं तिनं गळा असा घासला की कातडी लाल झाली.

पंकजा दुकानाचं शटर ओढता ओढता आत डोकावली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सांग की त्याला. तू तर टेबलावर चढून सांगणार हुतीस."

"लग्न हातातोंडाशी आलंय, पंकजाताई."

"त्या नूडल्सवालीचं पण असंच चाललं हुतं. आज सांगते, उद्या सांगते."

मरियमला पंकजाचाही राग आला, कारण ती खरं बोलत होती.

दुसऱ्या रविवारी नोहा तिसगावच्या चर्चमध्ये आला होता. नवा शर्ट, केस चक्क विंचरलेले. पुरुषांच्या बाजूला शांतवनरावांशेजारी, म्हणजे मरियमच्या वडिलांशेजारी बसला. बायकांच्या बाजूला त्यानं एकदा हळूच बघितलं आणि हसला. मरियम हसली नाही. त्याला वाटलं, लाजली असेल. इतकं त्या माणसाचं लक्ष.

गीत झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी चष्मा चढवला आणि कागद उघडला.

"कुमारी मरियम शांतवन भिंगारदिवे, राहणार तिसगाव, आणि श्री. नोहा दाविद पाटोळे, राहणार कोल्हार, यांचा विवाह योजलेला आहे. ही दुसरी वेळ. या विवाहास कोणाची काही हरकत असल्यास त्यांनी आता सांगावी."

म्हाताऱ्यांनी 'आमेन'साठी तोंड उघडलं होतं.

मरियम उठून उभी राहिली.

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "मरियम, बस बाळा. तुझंच नाव आहे."

"म्हणूनच उभी राहिलीय. मला हरकत हाय."

सुनीतीबाईंनी तिचा पदर ओढला. मरियमनं तो सोडवून घेतला.

"सगळ्यांच्या मोबाईलवर कार्ड आलंय," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण तो रागानं. "त्या कार्डातल्या बाईशी यांचं लग्न लागतंय. ती बाई मी न्हाई. ती ह्या मंडळीत न्हाई, तिसगावात न्हाई, कुठंच न्हाई. तुमी तिचं नाव वाचा. माझं वाचू नका."

पाळकसाहेब भला माणूस होता, पण असा प्रसंग त्यांच्या बापजन्मात आला नव्हता. त्यांनी नोहाकडे बघितलं, शांतवनरावांकडे बघितलं, छताकडे बघितलं. शेवटी कागदाची घडी घातली. "हरकत निघाली, म्हणजे नावं थांबली," ते म्हणाले. "हरकत मागे घेतल्याशिवाय मला पुढं वाचता येणार नाही. आता अर्पण गोळा करू या."

उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात, लिंबाखाली, नोहानं तिला गाठलं. लोक लांब उभे राहून सँडल शोधण्याचं नाटक करत होते.

"अगं, मी काही केलंच न्हाई," नोहा म्हणाला. तो खरंच गोंधळला होता. "नवरीच्या फोटोला ते उजळायचं फिल्टर लागतंच. एकदा सेट करून ठेवलंय. फोल्डर टाकला की सगळे फोटो आपोआप उजळून निघतात. लोकांना तसंच पाहिजे असतं."

"मी लोक हाय?"

"तसं न्हाई गं..."

"आणि तुझं तोंड? ते कसं तसंच ऱ्हायलं?"

"नवरदेवाला न्हाई लावत ते," तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच ते कसंतरी वाटलं.

"कार्ड बनवताना फोटो बघितलास का?"

"बघितला की. दहादा बघितला."

"मग कळलं न्हाई? की ही मरियम न्हाई?"

नोहा खोटं बोलला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "न्हाई कळलं. छान दिसत हुतीस... मला वाटलं, तूच."

हे सगळ्यात वाईट होतं. मरियमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"पुलावर काय म्हणला हुतास तू? मला मरियम केलं असतंस. केलीस की. गोरी करून केलीस. ती नाटकातली बाई निदान तोंडावर बोलली हुती, नोहा. तू तर हार घालून फसवलंस." तिनं पदरानं डोळे पुसले. "जा आता. मला तुझं तोंड बघायचं न्हाई."

तो गेला. आणि घरी जे सुरू झालं ते विचारू नका. सुनीतीबाईंनी घर डोक्यावर घेतलं. पत्रिका वाटल्या, आचारी सांगितला, हॉल घेतला, आणि एवढ्याशा फोटोपायी? "रंग लावला म्हणून लग्न मोडतं का कुणी? लोक दारू पितेत, मारतेत, तरी बाया नांदतेत."

"म्हणून मी पण नांदू? ज्याला मी दिसत न्हाई त्याच्या घरात?"

शांतवनराव टेम्पो धूत होते. ते बोलणारे गृहस्थच नव्हते. सगळं ऐकून त्यांनी बादली खाली ठेवली आणि विचारलं, "हॉलवाल्याला काय सांगू, तेवढं सांग." मरियमला हसू आलं, आणि मग ती बापाच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली. कारण तिला नोहा हवा होता. हे म्हणायची लाज कसली? हवा होता. पण त्यानं हिला हवं म्हणावं, त्या दुसरीला नव्हे.

बाजाराच्या दिवशी पार्लरात पंकजा भुवया कोरून घ्यायला बसली होती. एक झाली होती, दुसरी व्हायची होती. दारात मोटारसायकल थांबली. नोहा आला, आणि या खेपेला उंबरा ओलांडून सरळ आत आला.

"पंकजाताई, जरा उठता का?"

पंकजा उठली. एका भुवईनं उठली, पण गेली नाही. कोपऱ्यात स्टुलावर बसली. नोहा खुर्चीत बसला, आरशासमोर.

"मला गोरा कर," तो म्हणाला.

"नाटकं करायला आलास?"

"व्हय. जेवढी तुला केली हुती तेवढाच कर. कमी न्हाई, जास्त न्हाई. मग मी असाच जातो कोल्हारला."

मरियमनं त्याच्याकडे रागानं बघितलं. मग बाटली काढली. का नाही? होऊन जाऊ दे. तिनं त्याच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं, जरा जास्तच जोरात. थंड क्रीम त्याच्या कपाळावर टेकलं तसे त्याचे डोळे मिटले. इतक्या जवळून तिनं त्याला कधी बघितलं नव्हतं. उन्हानं भाजलेले गाल. डोळ्याखाली, कॅमेरा टेकतो तिथं, कातडीचा एक जाडसर पट्टा. कानाजवळ लहानपणी कुत्रं चावल्याची खूण. ती बोटांनी एकेक झाकत गेली. पट्टा गेला. खूण गेली. तिचा श्वास त्याच्या गालावर येत होता आणि तो अजिबात हलत नव्हता. हातातला राग कमी होत चाललाय असं वाटल्याबरोबर तिनं पावडरचा पफ त्याच्या नाकावर आपटला.

"झालं. ऊठ."

नोहानं डोळे उघडले. आरशात बघितलं, आणि हसायला गेला ते तसंच अर्धवट राहिलं. बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि बाहेर पडला. भर बाजारातून, गोरापान नोहा. कांदेवाले उभे राहिले. कुणी विचारलं, "कुठल्या वगात काम हाय, पाव्हणं?" मोटारसायकल त्यानं मुद्दाम पंकजाच्या दुकानापुढं सोडली आणि एसटीनं गेला, लोकांनी बघावं म्हणून.

"येडा हाय," पंकजा म्हणाली. "दुसरी भुवई कर माझी."

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"आईनं दार उघडलं," तो म्हणाला. "आणि मला म्हणली, कोण पाहिजे?"

मरियमनं फोन कानाशी घट्ट धरला.

"मग ओळखलं. आधी हसली, मग तिला रडू आलं. म्हणली, धुऊन टाक ते, मला भ्या वाटतंय... मरियम, एसटीत मला लोक हसले त्याचं काय न्हाई. पण आईनं कोण म्हणून विचारलं ना, तेव्हा मला असा राग आला. कुणीतरी माझं तोंड पुसून टाकलंय आणि वर म्हणतंय, छान दिसतोयस. मी लई नवऱ्या पुसल्या गं. आणि तुलासुद्धा. मला माफी मागता येत न्हाई नीट. पण मी आता ते फिल्टर काढून टाकलंय. ज्यांना तसे फोटो पाहिजेत त्यांनी दुसरा माणूस बघावा."

"गिऱ्हाईकं जातील."

"जाऊ दे. तुझी गेली हुती का न्हाई?"

"गेली हुती," मरियम म्हणाली. "राग गेलेला न्हाई माझा. सांगून ठेवते." आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपांवर नवं कार्ड आलं. फुलं तीच, सनई तीच. फोटोत मरियम होती. रंगासकट, रुंद नाकासकट, हनुवटीवरच्या त्या दिवशीच उगवलेल्या पुटकुळीसकट. खाली लिहिलं होतं, 'आधीच्या कार्डात चेहरा मरियमचा नव्हता. तो मी बनवला होता. चूक माझी. – नोहा.' नाशिकच्या आत्यानं लगेच लिहिलं, 'आधीचाच बरा होता रे.' त्यावर नोहाचं उत्तर, सगळ्यांच्या देखत: 'आत्या, मग त्या फोटोला तुम्ही स्थळ बघा. मी मरियमशी करतोय, ती हो म्हणाली तर.'

मरियम खदखदून हसली. मग आपण हसलो म्हणून चिडली. पुटकुळी काढायला काय झालं होतं मेल्याला? पुटकुळी काही तिचा रंग नव्हता. पण ते कार्ड तिनं पुन्हा लावलं आणि ती पुटकुळी बघत बसली.

तिसऱ्या रविवारी तिसगावच्या चर्चमध्ये नाताळलासुद्धा नसते एवढी गर्दी होती. जे वर्षानुवर्षं उपासनेला फिरकले नव्हते तेही पहिल्या बाकावर. नोहा आईवडिलांना घेऊन आला होता. आज तो बायकांच्या बाजूला बघत नव्हता. हात गुडघ्यांवर, मान खाली.

पाळकसाहेबांनी कागद उघडला, पण वाचला नाही. "मरियम," ते म्हणाले, "मागल्या रविवारी तू हरकत घेतलीस. ती अजून आहे का?"

मरियम उठली. सुनीतीबाईंनी या खेपेला पदर ओढला नाही, नुसते डोळे मिटले.

आता पटकन 'नाही' म्हणायचं आणि बसायचं. सगळी मंडळी तेवढ्यासाठीच श्वास धरून होती. पण आतलं खरं काय होतं, ते तिनं आधी चाचपून बघितलं.

"हरकत न्हाई," ती म्हणाली. "पण राग हाय."

कुणीतरी हसलं. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "राग असला तर लग्न थांबत नाही," ते म्हणाले. "तसं असतं तर माझंच झालं नसतं."

"लवकर जाणारा न्हाई तो. लग्नानंतरसुद्धा ऱ्हाईल. ते त्यांना आधी विचारा."

पाळकसाहेब पुरुषांच्या बाजूला वळले. नोहा उभा राहिला. त्यानं आता मान वर केली आणि तिच्याकडे सरळ बघितलं. चर्चच्या खिडकीतून ऊन तिच्या अर्ध्या तोंडावर पडलं होतं. त्याला बघायची घाई नव्हती. मरियमनंही नजर काढली नाही.

"ऱ्हाऊ दे," नोहा म्हणाला. "तिचाच हाय तो. ती सगळीच येऊ दे, रागासकट."

सुनीतीबाई हुंदका आवरून पुटपुटल्या, "हॉल एक आठवडा पुढं ढकलायला लागंल." शांतवनरावांनी लांबूनच हात केला, सांगितलंय म्हणून.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. थांबलेली दुसरी वेळ होती, म्हणून पहिल्या अक्षरापासून वाचायला लागणार होतं.

"कुमारी मरियम शांतवन भिंगारदिवे," त्यांनी सुरुवात केली आणि हातानं तिला बसायची खूण केली.

मरियम बसली नाही. नाव पूर्ण होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.